नवसाचा नारळ

एकदा एक बाई खानावळ सुरू करताना देवीला नवस बोलली होती : “माझ्या हातच्या अन्नाने कुणाचं पोट बिघडू देऊ नकोस. दर वर्षी या दिवशी तुला नारळ वाहीन.” केस पांढरे झाले, गाव तिला मावशी म्हणू लागले, पण नवस कधी चुकला नाही. येत्या पाडव्याला ही खानावळ मावशी आपल्या हाताखाली तयार झालेल्या शालनच्या स्वाधीन करणार होत्या.

नेमके नवसाच्या दिवशी आरोग्य खात्याचे तपासनीस दारी आले. शालन नैवेद्य रांधत होती. तिने त्यांना उंबऱ्यावरच थोपवले.

“सोवळ्यात आहे मी. उद्या या.”

“मग कागदावर तसं लिहावं लागेल, ताई.”

मावशी बाहेर आल्या. “या आत. चपला तेवढ्या काढा.”

तपासनिसांनी चूल पाहिली, धान्याचे डबे पाहिले आणि मग ते गच्चीवरच्या टाकीपाशी गेले. झाकण फुटलेले, पाण्यात पाल मरून पडलेली. त्यांनी अहवाल लिहून वाचून दाखवला : पाणी पिण्यास अयोग्य, दुरुस्ती होईपर्यंत खानावळ बंद. हा कागद दारावर दर्शनी भागी लावायचा होता.

शालनला रडू फुटले. “पाडव्याच्या तोंडावर दारात असला कागद. आता इथे कोण जेवायला येईल?”

मावशींनी देवघरातला नारळ आणून तपासनिसांपुढे धरला. ते मागे सरले. “नको मावशी, आम्हाला चहासुद्धा चालत नाही.”

“बरं,” म्हणून मावशींनी अहवाल स्वतःच दाराला चिकटवला, त्याला कुंकवाचे बोट लावले आणि नारळ त्याच्यापुढे ठेवला.

“अहो मावशी, देवीचा नारळ नापासाच्या कागदाला?” शालन म्हणाली.

“शालन, नैवेद्याला पाणी कुठलं घेतलंस?”

“हंड्यातलं. झाकलेलं, सोवळ्यातलं.”

“आणि जेवणाऱ्यांना?”

शालनची नजर गच्चीकडे गेली.

“देवाचा हंडा आपण दोघी रोज झाकतो. माणसांच्या टाकीकडे तूही पाहिलं नाहीस, मीही नाही. देवीचं पोट काही दुखणार नव्हतं. जेवणारी मंडळी मावशीचं घर म्हणून मुकाट्याने पीत राहिली असती. कुणी अंथरुणाला खिळण्याआधी बोलला तो हा एकटा. माझा नवस देवीने आज याच्या हातून राखला. मग नारळ दुसरीकडे कुठे वाहू?”

टाकी घासली गेली, नवे झाकण बसले. काही गिऱ्हाइके तुटली, बरीचशी परतली. पुढच्या तपासणीला शालन स्वतः तपासनिसांना आधी गच्चीवर घेऊन गेली. पाडव्याला चांगला शेरा दाराला लागला, पण शेजारचा कुंकू लावलेला जुना कागद तिने काढू दिला नाही. येताजाता ती त्याला हात जोडी.

बायांनो, आपणही नैवेद्याचे ताट झाकाल, तेव्हा घरच्या माणसांच्या पाण्याचे झाकण एकदा पाहून या. आणि उणे दाखवणारा कुणी दारी आलाच, तर त्याला उंबऱ्यावर अडवू नका, आत बोलवा.