कुलूपबंद पुस्तिका

मंडळाने मंजूर केलेल्या माहितीपुस्तिकेतलं एक अक्षरही वार्षिक सभेशिवाय बदलायचं नाही आणि का ते विचारायचं नाही, असं मंडळाचे अध्यक्ष दबीर सर यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वाचनालयांसाठीचं आमचं सॉफ्टवेअर मुक्त, कोणीही सुधारावं असं. त्याची पुस्तिका मात्र कुलूपबंद पीडीएफ.

ती साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, म्हणजे ज्याला चूक दिसेल तो ती दुरुस्त करेल, असं मी भांडून सांगितलं. खरं तर त्याआधी तीन आठवडे मी पुस्तिका लिहायच्या सहा साधनांची तुलना करत बसले होते आणि पुस्तिकेची एक ओळही लिहिली नव्हती. शेवटी एका दुपारी घाईघाईत लिहून दिली. सरांनी न वाचताच मंडळाकडून मंजूर करून घेतली, कुलूप लावलं आणि वाचनालयांना पाठवली.

सोमवारी त्यांनी मला मंडळासमोर उभं केलं.

"मदतीसाठी म्हणून माझा नंबर दिलायस तू. सकाळपासून लोक मला विचारतायत, पुस्तक परत कसं घ्यायचं. धड जेवू दिलं नाही. आत्ताच्या आत्ता बदल."

चूक माझीच होती. फोनयादीत मदतकक्षाच्या वरच्या ओळीतला सरांचा नंबर उतरवला होता. एवढी मी हुशार.

"माफ करा, सर. पण वार्षिक सभेला अजून आठ महिने आहेत."

"अगं, एक नंबर तर आहे."

"एक अक्षरही नाही, असं तुम्हीच म्हणालात. साध्या फाइलीचा ठराव करा, इथेच बसून बदलते. कुलूपबंद पुस्तिकेला मी हात लावणार नाही."

टेबलावर सरांचा फोन पुन्हा वाजू लागला.