मैदानाकडे पाठ करून पाहिलेला सामना

एकदा एका शहराला फुटबॉलचं वेड लागलं आणि पिढ्या सरल्या तरी ते काही उतरलं नाही. पेठेपेठेला एक तालीम, तालमीत कुस्तीच्या तांबड्या मातीशेजारी खुंटीवर टांगलेले बूट, आणि थंडी पडू लागली की आठ तालमींची साखळी स्पर्धा. आज हिरवळीवर सामने पाहणाऱ्यांना त्या दिवसांची कल्पना यायची नाही. मैदान म्हणजे निव्वळ मुरूम, पडला की गुडघा सोललाच म्हणून समजा. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा मध्यंतरापर्यंत पुसून जात आणि मग चेंडू बाहेर गेला की नाही यावरून तासभर वाद! तिकिटाचे जे चार पैसे जमत ते आठ तालमींत सारखे वाटले जात. सभेत तालीम लहान असो वा मोठी, मत एकच. यात काही वावगं आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काय दिवस होते ते, मंडळी! आठवले की आजही जीव हळहळतो.

मग टीव्हीवाले आले. साखळीचे सामने दाखवण्यासाठी त्यांनी जी रक्कम देऊ केली, ती ऐकून सभेतल्या लोकांच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले.

सर्वांत बलाढ्य तालीम होती धैर्यशीलची. एके काळचा नामांकित खेळाडू, आता तालमीचा अध्यक्ष. त्याने ठराव मांडला की ज्या तालमीचे सामने अधिक लोक पाहतात तिला अधिक वाटा मिळावा, आणि इथून पुढे स्पर्धेचा कारभार चार मोठ्या तालमींनीच पाहावा. इतरांनी खेळावं, बोलू नये. हे ऐकून माळावरच्या तालमीचा दस्तगीर उठला. दिवसभर फौंड्रीत राबणारा हा माणूस त्या संघाचा गोलरक्षकही होता आणि सभेतला प्रतिनिधीही.

"मग आम्ही संघच उतरवत न्हाई," तो म्हणाला. "बूट आणि दवाखाना यातच आमचं कंबरडं मोडतंय. त्यात बोलायचीबी चोरी असंल तर कशाला खेळायचं?"

मतं घेतली, ती चार विरुद्ध चार अशी पडली. आता निर्णायक मत उरलं साखळीच्या वयोवृद्ध अध्यक्षांचं, आणि ते सोमवारच्या सभेत द्यायचं ठरलं. त्यांना अवघं शहर वस्ताद म्हणे. ते धैर्यशीलच्याच तालमीचे जुने खेळाडू, आणि त्याला चेंडू कसा मारायचा हे शिकवलेलं त्यांनीच. साहजिकच धैर्यशील निर्धास्त होता. तरी शनिवारी तो त्यांच्या घरी जाऊन पाया पडला.

"वस्ताद, आता तुमच्या हातात आहे सगळं. आपली तालीम देशभर दिसंल."

"मत देतो की," वस्ताद म्हणाले. "उद्या आपला सामना माळावरच्यांशी हाय न्हवं? माझ्या शेजारी बसून बघ. मग सोमवारी सभेत काय ते होऊ दे."

रविवारी धैर्यशील मैदानावर आला आणि चक्रावला. रेषेलगत दोन खुर्च्या होत्या. वस्तादांची मैदानाकडे तोंड करून, आणि शेजारची दुसरी, चक्क मैदानाकडे पाठ करून!

"बस," वस्ताद म्हणाले. "मागं वळून बघायचं न्हाई. फकस्त लोकांकडं बघ, आणि लोक उठले की सांग, कुणी उठवले."

धैर्यशीलला ओशाळल्यासारखं झालं. प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलंही, "काय ओ अध्यक्ष, रुसलाय का काय?" पण गुरूची आज्ञा. बसला बिचारा.

पाच मिनिटांतच समोरचे सगळे लोक ताडकन उठले.

"आपल्या पोरानं फटका मारला!" धैर्यशील म्हणाला.

"मारला. पर तो दस्तगीरनं अडवला, म्हणून उठलेत."

पुन्हा लोक उठले. या वेळी सगळ्यांचे हात डोक्यावर.

"आपला नेम चुकला."

"न्हाई. दस्तगीरची बोटं लागली."

तिसऱ्या वेळी तर धैर्यशीलच्या पेठेचे लोकही श्वास रोखून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवरूनच त्याने ओळखलं, चेंडू माळावरच्यांच्या पायांत आहे आणि निघाला आहे थेट आपल्या गोलाकडे. मान वळवायला तो इतका आसुसला की खुर्चीचे हात त्याने घट्ट धरून ठेवले. तो फटका हुकला. मध्यंतराच्या आधी त्याच्याच तालमीचा एक गोल झाला तेव्हा हलगी अशी कडाडली की त्याच्या अंगावर शहारे आले. इतक्या वर्षांत सामना पाहताना त्याला असं कधी झालं नव्हतं.

मध्यंतरानंतर मात्र दस्तगीर पडला. त्याचं बोट निखळलं आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. माळावरच्यांकडे दुसरा गोलरक्षक नव्हता, म्हणून बचाव खेळणारा एक खेळाडू गोलात उभा राहिला. लगेच दुसरा गोल झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरा झाला तेव्हा बसल्या बसल्या वाजवल्या. मग समोरचे लोक शेंगा सोलू लागले, गप्पा मारू लागले, काहींनी तर गाडीच्या किल्ल्या काढून बाहेरची वाट धरली.

"वस्ताद, खेळ थांबलाय का?" धैर्यशीलने विचारलं.

"थांबला न्हाई. पाचवा गोल झाला आपला."

"कधी?"

"आत्ताच."

आपल्याच तालमीचा गोल झाला आणि आपल्याला पत्ता नाही! हजारो तोंडं समोर होती, त्यांतल्या एकावरही तो उमटला नव्हता.

"माळावरच्यांचा दुसरा गोलरक्षक कुठं गेला?" वस्तादांनी शांतपणे विचारलं.

धैर्यशीलने मान खाली घातली. तो गोलरक्षक मैदानाच्या पलीकडे धैर्यशीलच्याच राखीव खेळाडूंत बसला होता. गेल्या वर्षी दुप्पट मानधन देऊन त्यानेच त्याला आणलं होतं. या वर्षी तो एकही सामना खेळला नव्हता.

मग वस्ताद बोलू लागले. एरवी त्यांना फार बोलायची सवय नव्हती.

"मी पंचवीस वर्सांचा होतो तेव्हा आम्हीबी हेच केलं. ज्या तालमीत चांगला गडी दिसंल त्याला दुधाचा खुराक लावायचा, नोकरी लावून द्यायची आणि आपल्याकडं ओढायचा. तीन वर्सं आम्ही कुणाला गोलाजवळ येऊ दिलं न्हाई. चौथ्या वर्सी नावं नोंदवायला आमच्याशिवाय कुणी आलंच न्हाई. स्पर्धा झालीच न्हाई, लेका. माझे पाय तेव्हा असे होते की वाऱ्याला मागं टाकीन. रोज मैदानावर जायचो आणि मोकळ्या गोलात चेंडू मारून घरी यायचो. ते वर्स मला पुन्हा मिळालं न्हाई. टीव्हीवाला काय विकत घेतोय? ही समोरची माणसं जी उठतात न्हवं, ते त्यांचं उठणं. ते आपण एकट्यानं कधी करून दाखवलंय का? मग त्याची किंमत एकट्यानं कशी घ्यायची, आणि बोलायचा हक्क तरी एकट्याचा कसा?"

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. धैर्यशीलने आपल्या गुरूला रडताना प्रथमच पाहिलं.

सोमवारी सभा भरली. वस्ताद मत द्यायला उठण्याआधीच धैर्यशील उभा राहिला. "माझा ठराव मी मागं घेतो," तो म्हणाला. "वाटा सारखा, आणि तालमीला एक मत, पूर्वीसारखंच. आणि माळाचा गोलरक्षक आजच माळावर परत जाईल. त्याचं या वर्षीचं मानधन आमची तालीम देईल." बोटाला पट्टी बांधलेला दस्तगीर नुसता बघतच राहिला.

बाहेर मात्र धैर्यशीलच्याच माणसांनी त्याला घेरलं. त्यांचा तोल सुटला होता.

"दादा, घरात आलेली लक्ष्मी वाटून टाकलीत! अहो, आपल्या तालमीला मिळालं काय?"

"पुढच्या वर्षी खेळायला कुणी तरी मिळालं," धैर्यशील म्हणाला.

त्यांना ते पटलं नाही, ते बडबडत निघून गेले. वस्ताद मागून सावकाश येत होते. त्यांनी आपल्या शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.