वाटून घेतलेला शब्द

भानसवाडीच्या तळ्यात पाणी होतं, पण तळ्याच्या दाराची किल्ली तालुक्याला, सभापती रणधीररावांच्या खिशात. पिकं माना टाकायला लागली तेव्हा सरपंच गजराबाईंनी भर ग्रामसभेत ती मागितली. सभेला आलेले रणधीरराव हसले. हसताना त्यांचं पोट आधी हलायचं, मग मिशी.

"बाई, तुम्ही मागताय ना, त्याला डिसेंट्रलायझेशन म्हणतात! तुमच्यातल्या कुणीही एका दमात म्हणून दाखवा आणि किल्ली घेऊन जा."

त्यांच्यासोबतची मंडळी फिदीफिदी हसली. गजराबाईंनी पदर खोचला.

"अर्थ काय हो त्याचा, आबासाहेब?"

"एकाच्या हातातला कारभार सगळ्यांत वाटून देणे."

"मग एकट्यानं म्हटला तर शब्द खोटाच पडला की! आम्ही वाटूनच म्हणणार."

भानसवाडीत पाण्याची पाळी टोकाच्या रानापासून सुरू होते, वरच्याला सगळ्यांत शेवटी. बाईंनी त्याच क्रमानं माणसं उठवली. टोकाच्या रानातला किसन गरजला, "डि!" त्याच्या वरचा म्हणाला, "सेंट्र!" पुढचा "लाय!", त्याच्या पुढचा "झे!" तिथं बाईंनी हात वर केला.

"शेवटचा तुकडा तुमचा, आबासाहेब. सगळ्यांत वर तुम्हीच बसलाय!"

सभा टक लावून बघत राहिली. न म्हणावं तर आपलाच शब्द अर्धवट राहतो. रणधीरराव पुटपुटले, "शन."

"झालं वाटप. आणा किल्ली!"

संध्याकाळी पाणी सुटलं. तेव्हापासून भानसवाडीचा माणूस इंग्रजीला भीत नाही. शब्द एकट्याला पेलला नाही, तर शेजाऱ्याला हाक मारतो.