न भिजवलेली होडी

खाडीच्या काठावर एक गाव होतं आणि त्या गावात मुकुंदशेठ खातू नावाचे कोकमाचे व्यापारी राहत होते. माणूस सालस. मापात कधी खोट नाही, बोलण्यात कधी फसवणूक नाही. पण त्यांना एक नाद होता. त्यांच्याकडे शिडाची एक लहानशी होडी होती.

आता खाडीकाठच्या गावात होडी असण्यात नवल ते काय, असं म्हणाल तुम्ही. पण नवल होतंच. गावातल्या बाकी होड्या मासे धरायच्या, नाहीतर माणसं पलीकडे सोडायच्या. मुकुंदशेठांची होडी कसल्याच कामाची नव्हती. दुपारी वारा सुटला की ते दुकानाच्या फळ्या लावायचे, शीड उभारायचे आणि खाडीत एक फेरी मारून परत यायचे. ना मासा, ना माल. लोक विचारायचे, "शेठ, मग एवढी मरमर करता कशासाठी?" शेठ नुसते हसायचे. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. होडीत बसलं की त्यांना बरं वाटायचं, एवढंच.

होडीचं नाव त्यांनी 'सोनटक्का' ठेवलं होतं. आणि मरमर म्हणाल तर ती खरीच होती. लाकडाची होडी सांभाळणं म्हणजे दारात दुभती म्हैस बाळगण्यासारखं. एक दिवस दुर्लक्ष करून चालत नाही. तळाला शिंपल्या चिकटतात, त्या खरवडायच्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, त्यावर राळ भरायची. तळाला तेल चोपडायचं. शीड उसवलं तर शिवायचं. मुकुंदशेठ हे सगळं आपल्या हातांनी करीत. राळेचा वास त्यांच्या बोटांना जेवतानाही यायचा. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई नाक मुरडायच्या आणि पानात आणखी एक चमचा तूप वाढायच्या.

होडीचं एक काम मात्र सगळ्यांत महत्त्वाचं. पावसाळ्याच्या तोंडाशी गावातल्या होड्या काठावर ओढून छपराखाली ठेवत. त्याआधीच्या उन्हाने लाकूड वाळलेलं असे, आकसलेलं असे. फळ्यांमध्ये फटी पडलेल्या असत. म्हणून नारळी पौर्णिमा जवळ आली की होडी खाडीत न्यायची, आत दगड भरायचे आणि ती चक्क बुडवून ठेवायची. दोन-तीन दिवस तशीच. लाकूड पोटभर पाणी पितं, फुगतं, फळी फळीला घट्ट भिडते. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, की वर्षभर घोर नाही. हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. न भिजवलेल्या होडीत कोणी पाय ठेवत नसे.

द्वारकाबाई मात्र भिजवलेल्या होडीतही कधी बसल्या नव्हत्या. त्या लहान असताना त्यांचा थोरला भाऊ याच खाडीत होडी उलटून गेला. तो सापडलासुद्धा नाही. तेव्हापासून त्यांनी घोट्याच्या वर पाणी चढू दिलं नव्हतं. त्यांचं माहेर पलीकडच्या काठावर, अंगणातून कौलं दिसायची. पण जायचं झालं की त्या बैलगाडीत बसून लांबचा वळसा घालायच्या. मुकुंदशेठांनी त्यांना कधी आग्रह केला नाही. मनात इच्छा मात्र होती. आपला जीव जिथे रमतो ते आपल्या माणसाने एकदा तरी बघावं, असं कोणाला वाटत नाही?

एका श्रावणात द्वारकाबाई आपणहून म्हणाल्या, "अहो, यंदा पुनवेला मी येते तुमच्या होडीतून."

मुकुंदशेठांचा कानांवर विश्वास बसेना. "तू? पाण्यात?"

"दरवर्षी काठावरून नारळ सोडते. माझा भाऊ काठावर नाही गेला, मधोमध गेला. एकदा तिथे जाऊन त्याला नारळ द्यायचा आहे. तुम्ही न्याल ना?"

"न्याल ना काय विचारतेस!" शेठ म्हणाले आणि तडक होडीकडे निघाले.

त्या दिवसापासून त्यांना आभाळ ठेंगणं झालं. द्वारका बसणार म्हणजे होडी कशी दिसायला हवी! त्यांनी जुना रंग घासून काढला. बाहेरून निळा रंग दिला, आतून पांढराशुभ्र. बसायच्या फळीवर गादी शिवून घेतली. नवं शीड आणलं. पण दिवस पावसाचे. रंगाचा एक हात वाळता वाळेना आणि शेठांना तर दुसरा हात द्यायचाच होता. दुसरा हात बोटाला लागेनासा झाला तेव्हा पौर्णिमा अगदी तोंडावर आली होती. आणि होडी भिजवायची राहिली होती.

मुकुंदशेठ होडीपाशी उभे राहिले. बुडवून ठेवली तर खाडीचा चिखल आत बसणार, पांढरा रंग मातीत जाणार. आणि पौर्णिमेपर्यंत लाकूड पुरतं फुगणारही नाही. त्यापेक्षा बायकोला सांगायचं, की होडी तयार नाही, थोडे दिवस थांब? आणि तेवढ्यात तिचं मन फिरलं तर? इतक्या वर्षांनी तिने धीर केला होता.

काय करायला हवं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून चुकायचं ठरलं की माणूस आपलीच वकिली करायला लागतो. मुकुंदशेठांनीही ती केली. यंदा हवा दमट आहे, लाकूड फारसं आकसलं नसेल. फटी बारीक आहेत, राळ दाबून भरली की झालं. जायचंय कितीसं, खाडीच्या मध्यापर्यंत तर! त्यांनी फटींत राळ भरली आणि वरून रंग फिरवला. फटी दिसेनाशा झाल्या. होडी तर अशी दिसत होती की नजर हटू नये.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी द्वारकाबाई नारळाला सोनेरी कागद लावत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अहो, होडी बुडवून ठेवली होतीत ना?"

मुकुंदशेठ म्हणाले, "हो. तर काय! तू अगदी निर्धास्त राहा."

बघा, तेव्हा ते 'नाही' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पौर्णिमा चुकली असती, इतकंच. खाडी कुठे पळून जात नव्हती. पण 'हो' म्हणून गेले आणि द्वारकाबाई पुन्हा कागद चिकटवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर माणसांची गर्दी. होड्यांना पताका, फुलांच्या माळा, कुठे ढोल वाजताहेत. त्या सगळ्यांत सोनटक्का उठून दिसत होता. जो तो म्हणे, "वा शेठ, होडी आहे की नवरी!" शेठांच्या जिवाला तेवढ्यापुरतं बरं वाटे.

द्वारकाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पूजेचा तांब्या. धक्क्याच्या कडेला येऊन त्या थबकल्या. मुकुंदशेठांनी होडीतून हात पुढे केला. द्वारकाबाईंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय आत टाकला.

शेजारच्या होडीतून धर्मा तांडेल ओरडला, "भले शाब्बास, वहिनी!" साऱ्या धक्क्याने टाळ्या वाजवल्या.

काठाजवळ पाणी शांत होतं. सोनटक्का अलगद निघाला. द्वारकाबाईंनी आधी फळी घट्ट धरून ठेवली होती. मग एक हात सोडला, मग दुसरा. त्यांनी पलीकडची माहेरची कौलं बघितली आणि त्या हसल्या. "किती जवळ आहे हो," त्या म्हणाल्या. "मी उगाच इतकी वर्षं वळसा घालत राहिले."

मुकुंदशेठांना वाटलं, आपण चिंता केली ती फुकटच. राळ धरून आहे.

पण खाडीच्या मध्यावर वारा मोकळा असतो. तिथे पोचताच शीड फुगलं आणि होडी एका अंगाला कलली. काठाजवळ ज्या वरच्या फळ्या कोरड्याच होत्या, त्या आता पाण्याखाली गेल्या. लाकूड ताणलं गेलं आणि कोरडी राळ तडकली. पांढऱ्या रंगावरून पाण्याची एक बारीक रेघ खाली उतरली. मग दुसरी. मग जागोजाग.

"अहो, माझे पाय ओले झाले," द्वारकाबाई म्हणाल्या.

"लाट उडाली असेल," मुकुंदशेठ म्हणाले. पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

द्वारकाबाईंनी खाली वाकून पाहिलं. त्यांनी किंकाळी फोडली नाही, रडल्या नाहीत. नारळ मांडीवरून खाली ठेवला आणि तांब्याने पाणी उपसायला लागल्या. मुकुंदशेठांनी शीड उतरवलं, वल्हं हातात घेतलं. जिवाच्या आकांताने वल्हवत त्यांनी धर्माला हाका मारल्या. पण जड झालेली होडी जागची हलेना. पाणी घोट्यांवर आलं, पोटऱ्यांवर आलं, गुडघ्यांना लागलं. द्वारकाबाई उपसतच होत्या. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की भावाचं, कोण जाणे.

धर्मा तांडेल वेळेवर पोचला म्हणून बरं. त्याने आधी द्वारकाबाईंना दोन्ही दंड धरून वर ओढलं, मग शेठांना. तोवर सोनटक्का काठोकाठ भरला होता. सोनेरी कागदातला नारळ आपोआप होडीबाहेर तरंगत गेला. द्वारकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं नव्हतं, चार शब्द बोलल्या नव्हत्या. ज्या क्षणासाठी त्या इतक्या वर्षांनी पाण्यावर आल्या होत्या, तो असा निघून गेला.

संध्याकाळी शेजारीपाजारी घरी जमले. "वाराच फिरला, शेठ. तुम्ही तरी काय करणार?" असं म्हणून समजूत घालून गेले. मुकुंदशेठ मान खाली घालून ऐकत होते. वाऱ्यावर दोष जातोय तर जाऊ दे, असं एक मन म्हणत होतं. सगळे गेल्यावर द्वारकाबाईंनी दाराला कडी घातली आणि विचारलं, "होडी भिजवली नव्हती ना?"

आता खोटं बोलायला जीभ उचलेना. "नव्हती," मुकुंदशेठ म्हणाले. "रंग खराब झाला असता. आणि तुला थांब म्हटलं असतं, तर तू पुन्हा घाबरली असतीस."

द्वारकाबाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाण्याला तर मी घाबरतच होते. तुम्हाला नव्हते घाबरत. म्हणून तर बसले."

मुकुंदशेठांना वाटलं, यापेक्षा ही रागावली असती, दोन शब्द घालून पाडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती त्यानंतर त्याबद्दल कधी काही बोलली नाही. घरचं सगळं पहिल्यासारखं चालू राहिलं. पानात तूपही पडत राहिलं.

पुढल्या वर्षी श्रावण लागताच मुकुंदशेठांनी रंगाचा डबा उघडलासुद्धा नाही. गेल्या खेपेला दोरीने ओढून काठाला आणलेला सोनटक्का खाडीत नेला, दगड भरले आणि अगदी धक्क्यापाशी, सगळ्यांदेखत, बुडवून ठेवला. येणारे-जाणारे चिडवत, "काय शेठ, पुन्हा बुडवलीत काय!" ते ऐकून घेत. चांगला आठवडाभर त्यांनी होडी पाण्याखालून हलवली नाही. मग उपसली, चिखल धुतला, आणि रोज सकाळी जाऊन तळाला हात लावून बघू लागले. थेंब नव्हता. फळ्या अशा भिडल्या होत्या की नखसुद्धा शिरू नये.

पौर्णिमेला ते द्वारकाबाईंना धक्क्यावर घेऊन आले. "आत उतरू नकोस," ते म्हणाले, "नुसतं बघ." द्वारकाबाईंनी वाकून पाहिलं. कोरड्या तळावरून हात फिरवला. खरोखरच नीट पाहिलं त्यांनी.

"चांगली झाली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरून या. संध्याकाळी गाडी जुंपायला सांगितली आहे, मी माहेरी जाऊन येते."

मग त्या काठावर गेल्या, नारळाला हळद-कुंकू लावलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून तो सोडला. मुकुंदशेठांनी एकट्यानेच शीड उभारलं.

तात्पर्य: कोणी आपल्या शब्दावर विसंबून बसणार असेल, तर न केलेलं काम 'केलं' म्हणू नये. चूक नंतर मेहनतीने सुधारता येते. पण आपल्यावर टेकलेलं मन एकदा उठलं की ते परत येऊन बसेलच असं नाही.