गेनूची आग आणि महाराजांचा ऑल्दो

चिंचगडच्या राजवाड्यात गेनू पाणक्या "आग!" म्हणून ओरडला आणि त्यापायी कोठडीत गेला.

आग खरीच होती. मुदपाकखान्याचं छप्पर पेटलं होतं. गेनूच्या एका आरोळीने सगळे आचारी बाहेर पळाले, घागरीवर घागरी ओतून त्याने ती विझवलीसुद्धा. पण राजे रणधीरराव गरजले, "तू एकच शब्द बोललास, अँड तोही माझ्या वाड्यात, बट त्याला ना बिकॉज ना ऑल्दो, सो कोठडीत जा अँड उद्या संध्याकाळी राज्याबाहेर चालता हो!"

महाराजांना इंग्रजीचं वेड लागलं होतं. गद्रे मास्तरांनी शिकवणी सुरू केली तेव्हा महाराज इंग्रजीत "हा आंबा आहे. मी राजा आहे." एवढंच बोलत. मग मास्तरांनी वाक्याला वाक्य जोडायला शिकवलं आणि घोटाळा झाला! महाराजांनी दवंडीच पिटवली. वाड्यात कोणी सुटं बोलायचं नाही. मराठी चालेल, पण वाक्यं जोडणारे सांधे, म्हणजे अँड, बट, बिकॉज, इंग्रजी हवेत. सुटं बोलेल तो हद्दपार!

त्यातही ऑल्दोवर, म्हणजे आपल्या 'जरी'वर, महाराजांचा फार जीव. कुणाच्या तोंडून ऑल्दो ऐकला की ते डोळे मिटून शालीचं टोक गर्रकन खांद्यावरून मागे भिरकावत. लोक पण हुशार! पगारवाढ मागायची तर आधी ऑल्दो म्हणत.

गेनूची थोरली बहीण हौसा दरबारात हारफुलं पुरवायची. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती भाकरी घेऊन वाड्याबाहेरच्या कोठडीशी गेली.

"आक्का, मला टाकतील हद्दीबाहेर. तू एकटी काय करशील गं?"

"हार करीन. तू खा आधी."

"नाही जात घशाखाली."

"मग जाईल तेव्हा खा. मी उद्या येतेच, जरा राजाशी बोलून."

"आक्का, तुला इंग्रजी येतं?"

"सांधे येतात. बाकी मराठीच आहे की!"

दुसऱ्या दिवशी ती फुलांची बादली घेऊन दरबारात उभी राहिली. थंडीचे दिवस. सिंहासनामागे शेगडी धगधगत होती.

"महाराज, माझा भाऊ एकच शब्द बोलला बिकॉज आगीला एकच शब्द लागतो, सो त्याला सोडा."

महाराज हसले. "सोडीन, बट माझी अट आहे बिकॉज मी राजा आहे! एका शब्दातच सांगावी लागते अशी गोष्ट जगात असते, हे तू मला पटवून दे, अँड पटवताना एकदा जरी सुटं बोललीस तर तूही भावामागोमाग चालू लाग!"

म्हणजे पाण्यात पडायचं आणि भिजायचं नाही! दिवाणजी मिशीत हसले.

हौसाने महाराजांची शाल पाहिली. शेगडी पाहिली. फुलं काढून ठेवली, पाण्याची बादली जवळ ओढली आणि तोंड उघडलं.

"महाराज, ऑल्दो मी साधी फुलवाली आहे..."

गर्रकन! शाल खांद्यावरून मागे गेली.

"...अँड ऑल्दो मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही..."

गर्रकन! टोक शेगडीच्या काठावर टेकलं.

"...अँड ऑल्दो सरकारांच्या पाठीमागचं सरकारांना सांगणं शोभत नाही..."

गर्रकन! टोक निखाऱ्यांत! धुराची रेघ वर निघाली.

"...तरी सांगते, बिकॉज आपल्या शालीवर जे मोर आहेत, अँड जे काश्मीरहून इथवर धडधाकट आले, त्यांतला शेवटचा मोर आत्ताच काळा पडला, बट त्याच्या अलीकडचा अजून शाबूत आहे..."

महाराज डोळे मिटून डोलत होते. काय जोड! काय बांधणी!

दरबाराला धूर दिसत होता. पण बोलणार कोण? एका भालदाराने तोंड उघडलं, त्याला बिकॉज आठवेना, त्याने ते मिटलं. दिवाणजी घाईघाईने उठले, "महाराज, ऑल्दो मला मध्ये बोलायचं नव्हतं..."

गर्रकन! शालीला वारा लागला आणि भडका उडाला!

"...अँड आता तोही मोर गेला," हौसा शांतपणे म्हणाली, "अँड जो तिसरा मोर महाराजांच्या पाठीवर बसलाय, तो..."

"आग!!" महाराज किंचाळले. "पाणी! पाणी!"

"...तो जळायच्या आत मी ही बादली ओतते!"

आणि तिने अख्खी बादली महाराजांवर रिकामी केली. चर्रर्र! धूर गेला. चिंब भिजलेले महाराज उभे, मिशीत झेंडूची पाकळी.



हौसा मास्तरांकडे वळली. "मास्तर, मी पडले अडाणी, सो तुम्हीच सांगा की महाराज आत्ता जे ओरडले त्यात अँड किती होते अँड बट किती होते?"

मास्तरांनी महाराजांकडे पाहिलं.

"एकही नाही," ते म्हणाले आणि घाबरून स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

महाराजांनी मिशीतली पाकळी काढली. तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले आणि ते असे हसले की उरलेली शालही खाली पडली!

"सोडा त्याला! आजपासून आग, पाणी, साप आणि विंचू यांना सांधा माफ! गेनू वाड्याचा आगराख्या! आणि नदीकाठचा शेवंतीचा मळा हौसाचा!"

गेनूला दरबारात आणलं. सगळे कान टवकारून बसले. इतकं लांबलचक बोलणारी बाई आता भावाला केवढं वाक्य बोलेल!

हौसाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवलास?"

गेनूने मान हलवली. नाही.

महाराज पुन्हा हसायला लागले, हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मुदपाकखान्याकडे तोंड करून ओरडले,

"वाढा!"