दिवाणजींचा सोन्याचा हिशेब

राजा बीरसिंगाच्या मुलखात सोनझरी लोक नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. किती काढत, याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून दिवाण त्र्यंबकपंत नदीवर गेले. नेमकं त्या दिवशी म्हाताऱ्या फुलमतीला गुंजभर सोनं सापडलं. पंतांनी त्याला सोनझरींच्या तीनशे घरांनी आणि वर्षाच्या दिवसांनी गुणलं.

सोनझरींना बोलावून भर दरबारात ते गरजले, "वर्षाला एवढं सोनं निघतं! कुठं लपवलंत? कर भरा, नाहीतर नदी सोडा."

फुलमती पुढे आली. "दिवाणजी, तुमच्या लग्नाला किती सालं झाली जी?"

"चोवीस."

"अन् लेकरं?"

पंतांचा आवाज मऊ झाला. "एकच लेक. गेल्या वर्षी झाली."

"एका सालात एक, तर चोवीस सालांत चोवीस. बाकीची तेवीस कुठं लपवली जी?"

दरबार हसला. पंत लाल झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. "बाई, किती वाट पाहिली, तेव्हा ती एक मिळाली!"

"आमचंही तसंच आहे जी."

पंतांनी हिशेबाचा कागद फाडला. बाजारात येईल तेवढंच सोनं तोलून लिहायचं, असं राजाने ठरवलं.

"लेकीला आणा जी एकदा नदीवर," फुलमती जाताना म्हणाली.

आठवड्याच्या आत पंत लेकीला कडेवर घेऊन नदीवर हजर झाले.