न सांगता खपलेली चाळणी

"पुण्याच्या प्रोग्रामरांच्या मेळाव्यात चाळणी घेऊन जायची," आमचे मालक तात्यासाहेब रणनवरे म्हणाले, "पण तिची स्तुती करायची नाही. भेटवस्तू वाटायची नाही. आणि ती कशी चालते, हे आपल्या माणसानं एकाही प्रोग्रामरला समजावून सांगायचं नाही. तरी संध्याकाळी मी येईन तेव्हा ती त्यांच्या लॅपटॉपवर चालताना दिसली पाहिजे. नाही दिसली, तर सोमवारी सांगलीच्या ऑफिसला कुलूप."

मी म्हटलं, "तात्यासाहेब, त्यापेक्षा मला हत्तीला सदरा शिवायला सांगा. निदान माप तरी घेता येईल."

"ही वेळ तुम्हीच आणलीत, नेमण्णा."

ते काही खोटं नव्हतं. चाळणी हे आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. प्रोग्राम लिहून झाला की तो हिच्यातून काढायचा. चूक वर राहते, आणि कोणत्या ओळीत आहे तेही कळतं. सांगलीच्या आमच्या पोरापोरींनी जीव ओतून केलेली वस्तू, आणि ती खपवायला नेमलेला माणूस मी! जन्मभर शेवयांची यंत्रं विकली. तात्यासाहेबांना वाटलं, यंत्र ते यंत्र. मलाही तसंच वाटलं, हे जास्त वाईट.

पहिल्या मेळाव्यात मी टी-शर्ट वाटले. ही रांग लागली! टी-शर्ट संपले, रांग संपली, चाळणीचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. बाहेर एकजण त्याच टी-शर्टनं मोटारसायकल पुसत होता. मला बघून म्हणाला, "कापड चांगलं आहे, काका." मला बरंही वाटलं.

दुसऱ्या मेळाव्यात भाषण ठोकलं. चाळणीविना प्रोग्राम म्हणजे मिठाविना आमटी, वगैरे. एका मुलीनं विचारलं, "कोणकोणत्या भाषांत चालते?" मी छातीठोक सांगितलं, "मराठी, हिंदी आणि थोडी कानडी." तिला प्रोग्राम लिहायच्या भाषा विचारायच्या होत्या, हे मला टाळ्या थांबल्यावर कळलं.

आता कुलूप लागलं, तर पोरापोरींना बिऱ्हाड उचलून बंगळूर गाठावं लागणार होतं. मी ऑफिसात डोकं धरून बसलो. समोर स्वागतकक्षात मालन कासार फोन घेत होती. आईबरोबर जत्रांतून बांगड्या भरत वाढलेली मुलगी; माणूस वाचायला तिला वेळ लागत नाही. फोन ठेवून म्हणाली, "अण्णा, तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला की काय होतं?"

"काय होतं?"

"जयदीप जागेवरून उठून येतो."

"हो. फार मायाळू पोरगं."

"मायाळू कसलं! त्याला बघवत नाही. नुसता तोच नाही, इथल्या एकालाही बघवत नाही. उद्या तुम्ही स्टॉलवर बसून चाळणी चालवायची. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी."

"अगं, पण मला येत नाही."

"म्हणून तर."

मेळाव्यात मी लोकांकडे पाठ करून बसलो. आमच्याबरोबर आलेल्या जयदीपनं दिलेल्या कागदावरून एका बोटानं एकेक अक्षर शोधत छोटासा प्रोग्राम लिहिला. चाळणीनं एक ओळ लाल करून दाखवली. मी तत्परतेनं सगळा प्रोग्राम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

मागून कुणीतरी कळवळलं. "काका, सगळं कशाला पुसलंत?"

"चूक आहे म्हणते ना ती."

"एकाच ओळीत होती."

"मग बाकीच्या तिच्याच संगतीतल्या. त्यांचा काय भरवसा?"

मी सोंग करतोय असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे.

तीनदा पुसल्यावर एका दाढीवाल्या तरुणाचा धीर सुटला. "सरका जरा, काका." तो माझ्या खुर्चीत बसला. मालन बाजूला हाताची घडी घालून गप्प उभी. पठ्ठ्यानं पडद्यावरच्या सूचना वाचल्या आणि मला शिकवायला सुरुवात केली. "हे बघा, लाल ओळ तेवढीच बदलायची. थांबा, खऱ्या प्रोग्रामवर दाखवतो." त्यानं चाळणी स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, स्वतःचा प्रोग्राम तिच्यात टाकला, आणि पडदा लाल झाला.

मागे हशा पिकला.

"दात काय काढतोस? तुझा टाक की," तो मित्राला म्हणाला.

मित्रानं टाकला. त्याचाही लाल. मग काय विचारता! जो तो दुसऱ्याच्या चुका बघायला आला आणि स्वतःच्या घेऊन बसला. खुर्च्या संपल्या तशी पोरं जमिनीवर बसली. मला मात्र आळीपाळीनं प्रत्येकजण समजावत होता, आणि मी प्रत्येकाला नवी शंका विचारत होतो.

संध्याकाळी तात्यासाहेब आले. गर्दी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दाढीवाल्याला विचारलं, "हे चांगलं आहे, असं तुला कोण म्हणालं?"

"कोणी नाही. हे काका तर म्हणत होते, बिघडलंय."

"काही फुकट वाटलं का इथं?"

"साधं पाणीसुद्धा नाही."

"मग घेतलंस कशाला?"

"ह्यांचं बघवेना हो!"

तात्यासाहेब मालनकडे वळले. "पण समजावून सांगितलेलं दिसतंय. दिवसभर इथं तेच चाललंय म्हणतात. अट मोडली."

"साहेब," मालन म्हणाली, "आपल्या माणसानं त्यांना समजावून सांगायचं नाही, अशी अट होती. त्यांनी आपल्या माणसाला समजावून सांगायचं नाही, असं कुठं ठरलं होतं? आणि बघा, अजून ह्यांना कळलेलं नाही."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच पुन्हा सगळा प्रोग्राम पुसला होता. मग ते असे हसले, की शेजारच्या स्टॉलवरची माणसं बघायला आली. डोळे पुसत म्हणाले, "सांगलीचं ऑफिस राहिलं. आणि मालन, आजपासून विक्रीचं खातं तुझं. पगारही त्या खुर्चीचा."

"आणि अण्णा?"

"तुझ्या हाताखाली. नोकरी पक्की." मग जयदीपकडे बोट रोखून ते म्हणाले, "पण ह्यांना कुणी कॉम्प्युटर शिकवलात, तर गाठ माझ्याशी आहे!"